घरी कळेल म्हणून थांबू नकोस

पत्र :

ताई, नमस्कार. मी २० वर्षांचा आहे. गाव तासगाव तालुक्यात, घरची थोडी द्राक्षबाग आहे. शिक्षणासाठी सांगलीत विश्रामबागला कॉट बेसिसवर राहतो. महिन्यापूर्वी मित्रांबरोबर बाहेर फिरायला गेलो होतो. तिथे सगळ्यांच्या नादाने एका बाईकडे गेलो. निरोध वापरला नव्हता. त्यानंतर माझ्या मैत्रिणीशी दोनदा संबंध आला, तेव्हाही नव्हता. ती १९ वर्षांची आहे. गेले दोन आठवडे मला लघवीला आग होते आणि सकाळी चड्डीला पिवळट डाग असतो. एसटी स्टँडजवळची जाहिरात बघून लॉजवर बसणाऱ्या एका वैद्याकडे गेलो. धातू जातोय म्हणाला. पुड्या दिल्या, साडेचार हजार घेतले. अजून दोन कोर्स लागतील म्हणतो. फरक काहीच नाही. सिव्हिलला जावं तर भावकीतला एक जण तिथे कामाला आहे. गावातले डॉक्टर आणि वडील रोज एकत्र चहा घेतात. आधार कार्ड मागतील, घरी फोन जाईल, शिक्षण बंद होईल. मला एड्स झाला असेल का? मैत्रिणीला सांगायलाच पाहिजे का? तिला तर काहीच त्रास नाही. त्या बाईमुळे आयुष्य वाया गेलं असं वाटतं. रात्र रात्र झोप येत नाही.

– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर :

त्या पुड्या आजपासून बंद कर. आणि या आठवड्यातच, जमलं तर उद्या सकाळीच, सरकारी दवाखान्यात जा. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

तू जे वर्णन केलं आहेस त्यात धातूबितू काही जात नाही. तो पू आहे. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला की आग होते आणि असा डाग पडतो. बहुतेक वेळा त्यामागे गनोरिया असतो, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं परमा म्हणतात, नाही तर क्लॅमिडिया. पुष्कळदा दोन्ही एकदम असतात. दोन्ही जिवाणूंचे आजार आहेत आणि योग्य गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. झोपेत वीर्य जाणं, हस्तमैथुन करणं, याचा तुझ्या त्रासाशी काही संबंध नाही आणि त्याने अशक्तपणाही येत नाही. धातूची ही भीती पिढ्यान् पिढ्या विकली गेली आहे आणि तिच्यावर आजही कित्येकांची दुकानं चालतात.

त्या वैद्याकडे तू का गेलास हे मला नीट कळतं. त्याने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं नाही. साडेचार हजार तू औषधाचे मोजले नाहीस, कुणाला कळणार नाही याचे मोजलेस. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. जी गोष्ट सरकारी दवाखान्यात तुला फुकट मिळते आणि जिच्यामागे कायदा उभा आहे, ती तुला अंधाऱ्या लॉजवर विकत घ्यावी लागली, कारण ती तुझ्या हक्काची आहे हे तुला कुणी सांगितलंच नाही. ना शाळेत, ना कॉलेजात, ना घरात. म्हणून हे उत्तर जरा लांबवते.

भिंतीवरच्या त्या जाहिराती मुळातच बेकायदा आहेत. लैंगिक आजार हमखास बरे करतो, ताकद वाढवतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ सालापासून कायद्याने बंदी आहे. पुडीवर औषधाचं नाव नसतं, घटक नसतात, बनवणाऱ्याचा पत्ता नसतो. त्यात काय कुटून घातलंय हे खाणाऱ्याला कधीच कळत नाही. आणि मधल्या काळात खरा संसर्ग आत पसरत राहतो. पुरुषात तो वृषणाच्या नळीपर्यंत जाऊन सूज आणि वेदना होतात, पुढे मूल होण्यातही अडचण येऊ शकते. तो माणूस पुढच्या कोर्ससाठी फोन करून मागे लागला तर नंबर ब्लॉक कर. घरी सांगेन म्हणाला तर ती खंडणी आहे, त्याची तक्रार होते, हे त्याला एकदा ऐकव. असली माणसं तेवढ्यावरच गप्प होतात.

आता जायचं कुठे. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. भावकीतला तो माणूस सांगलीच्या सिव्हिलला असेल तर सरळ मिरजेला जा. विश्रामबागहून बसने कितीसा वेळ लागतो. मिरज हे पेशंटचंच गाव आहे. कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकातून माणसं तिथे दवाखान्याला येतात. त्या गर्दीत तू कोण, कुणाचा, याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. तोच माणूस मिरजेला निघाला तर साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय आहे, कराडचं उपजिल्हा रुग्णालय आहे. उपचार आपल्याच तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात घ्यावा असा कुठलाही नियम नाही.

केसपेपरच्या खिडकीवर मुलं अडतात हे मी पाहिलं आहे. सातारा-सांगलीकडच्या सरकारी दवाखान्यांत मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून बसले. मागे रांग असते, मावशी-काका उभे असतात, आणि आतला माणूस मोठ्याने विचारतो, "काय होतंय?" तेवढ्यावर मुलगा "काही नाही" म्हणून परत फिरतो. तू फक्त म्हण, "स्किनला दाखवायचंय." एवढं पुरतं. लैंगिक आजारांची तपासणी त्वचारोगाच्याच विभागात असते आणि त्या ओपीडीबाहेर नायट्याचे, खरजेचे, मुरुमांचे पेशंट बसलेले असतात. तू त्यांच्यातलाच एक. दारावर कुठेतरी 'गुप्तरोग' असं लिहिलेलं दिसलं तर पाय मागे घेऊ नकोस. ते फक्त विभागाचं जुनं नाव आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून अशा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' चालतात. तिथे समुपदेशक असतो. तो दार लावून तुझ्याशी बोलेल. कधी, कुणाशी, किती जणांशी, निरोध होता का, असे प्रश्न विचारेल. उपचार आणि तपासण्या यावरूनच ठरतात. तुझं चारित्र्य तो मोजत नाही. खरं सांग. दोनचे एक केलेस तर औषधं तुझ्यासाठी बरोबर निघतील, पण तुझी मैत्रीण मागे राहील.

मग डॉक्टर तपासतील. मिरज आणि सांगली ही दोन्ही शिकवणारी रुग्णालयं आहेत, त्यामुळे डॉक्टरांबरोबर चार-सहा विद्यार्थी उभे असू शकतात. त्यातला एखादा तुझ्याच वयाचा असेल. नको वाटत असेल तर स्पष्ट म्हण, "डॉक्टर, मला विद्यार्थ्यांसमोर नको. एकट्याला तपासा." हे म्हणण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे आणि म्हटलंस म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पडदा ओढला नसेल तर ओढायला सांग. पहिल्यांदा आवाज कापतो. कापू दे, पण बोल.

औषधं रंगीत किटमधून मिळतात. तुझ्यासारख्या त्रासाला राखाडी किट, म्हणजे एक नंबरचं. गोळ्या एकदाच घ्यायच्या असतात, बऱ्याच ठिकाणी समोरच घ्यायला लावतात. पैसे नाहीत. गोळ्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की तू संध्याकाळी मेडिकलमध्ये जाऊन मागशील, अर्धी खाशील, आणि तपासणी राहून जाईल. गनोरियाचे जंतू जगभर औषधांना दाद देईनासे होत चालले आहेत, त्याला अशा अर्धवट उपचारांचाही हातभार आहे. गोळ्या घेतल्यावर निदान सात दिवस आणि मैत्रिणीचा उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध ठेवू नकोस. आठवड्यात डाग थांबला नाही तर परत जा, तेव्हा पुढच्या तपासण्या करतील.

आधार कार्डाचं म्हणशील तर, एचआयव्हीची तपासणी करायला किंवा या गोळ्या घ्यायला ते सक्तीचं नाही. मागितलं तर "आणलेलं नाही" म्हण. एका बाबतीत मात्र सावध राहा. हल्ली नोंदणी करताना 'आभा' कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचं डिजिटल ओळखपत्र, काढूया म्हणतात. चांगली सोय आहे, पण आधारवरून ते काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. आणि तुमच्या वयाच्या कितीतरी मुलांच्या आधारला नंबर वडिलांचा असतो. द्राक्षबागेत फवारणी करताना वडिलांच्या खिशात मोबाइल वाजायचा आणि संध्याकाळी तुला फोन यायचा. आभा ऐच्छिक आहे. "नंतर काढतो" म्हणून सरळ पुढे जा. नोंदवहीत स्वतःचा मोबाइल नंबर दे. केसपेपरची जी काय दहा-वीस रुपये फी असेल ती रोख दे, कारण बँकेचे मेसेज घरी जात असतील तर तिथूनही शंका निघते. रिपोर्टचा फोटो कुठल्याही मित्राला पाठवू नकोस, ज्यांच्याबरोबर गेला होतास त्यांना तर नाहीच. मी पाहिलेल्या बहुतेक भानगडीत बातमी दवाखान्यातून फुटली नव्हती, मित्रांच्या ग्रुपमधून फुटली होती.

घरी फोन करण्याचा प्रश्नच येत नाही. तू सज्ञान आहेस. अठरा पूर्ण झालेल्या माणसाच्या उपचाराला आई-वडिलांची सही लागत नाही आणि पेशंटची माहिती परस्पर बाहेर सांगणं डॉक्टरांच्या आचारसंहितेविरुद्ध आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर वेगळा कायदाच आहे. २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुझी संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल तुझ्या संमतीशिवाय घरी, कॉलेजला, मालकाला, कुणालाच सांगता येत नाही. तुझ्याशी संबंध येईल असा एक अपवाद आहे, तो लपवत नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली, जोडीदाराला धोका आहे आणि समजावूनही माणूस सांगायला तयार नाही, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला आधी कल्पना देऊन जोडीदाराला सांगू शकतात. तेवढंच. आई-वडील त्यात येत नाहीत.

भावकीतल्या त्या माणसाचं काय? समज, मिरजेतही कुणी भेटलंच. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाने पेशंटचं बाहेर बोलणं हा त्याचा गुन्हा ठरू शकतो, तुझा नाही. तू खाली मान घालून पळालास तर त्याला शंका येईल. "अंगाला खाज सुटलीय म्हणून आलोय" म्हण आणि रांगेत उभा राहा. आणि गावातले डॉक्टर वडिलांचे दोस्त असतील तर त्यांच्याकडे नको जाऊस. ते सांगतीलच असं नाही, बांधील तर तेही आहेत. पण तुझ्या मनात धाकधूक राहिली तर तू त्यांना अर्धंच सांगशील.

एड्सचा प्रश्न. एका संबंधातून एचआयव्ही होतोच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही. पण शक्यता शून्य नसते, आणि दुसरा एखादा लैंगिक आजार असला तर ती वाढते. म्हणून तपासणी करायचीच. त्याच रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं, तिथे ही तपासणी फुकट आहे. तुला एक क्रमांक दिला जातो, रक्ताच्या नळीवर तो क्रमांक असतो. निकाल तुझ्या हातात, समोर बसवून, समजावून देतात. एक लक्षात ठेव, संसर्ग झाल्यावर रक्तात तो दिसायला वेळ लागतो. त्यामुळे आता एकदा तपासणी कर आणि घटनेला तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा कर. दुसरी तपासणी निगेटिव्ह आली की या प्रसंगापुरता विषय संपला. त्याच रक्तात उपदंशाची, म्हणजे गरमीची, तपासणीही करून घे. ती मागून घ्यावी लागली तरी माग.

आणि पॉझिटिव्ह आली तर? एचआयव्ही असणं आणि एड्स होणं यात उपचार नसतानाही वर्षांचं अंतर असतं, आणि उपचार वेळेवर सुरू झाले तर माणूस सहसा एड्सपर्यंत जात नाही. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, केंद्रांतून ही औषधं २००४ सालापासून मोफत मिळतात. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला की तो संबंधातून जोडीदाराला लागत नाही. या जिल्ह्यात अशी माणसं लग्न करून, मुलं वाढवून, बागा करून जगताहेत. वाचणाऱ्या इतरांसाठी इथेच सांगते : असा असुरक्षित प्रसंग घडून ७२ तास उलटले नसतील तर ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधोपचार असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा. तुझी ती वेळ निघून गेली आहे, म्हणून तुझ्यासाठी आता तपासणी.

आता मैत्रीण. सांगायलाच पाहिजे का, असं तू विचारलंस. हो, सांगायलाच पाहिजे, आणि याच आठवड्यात.

तिला त्रास नाही म्हणून तू निवांत आहेस, पण धोका तिथेच आहे. हे दोन्ही आजार बायकांमध्ये पुष्कळदा काही लक्षण न दाखवता आत राहतात. मग गर्भाशयाकडे, बीजनलिकांकडे सरकतात. ओटीपोटात दुखायला लागतं, ताप येतो, आणि काही जणींना काहीच न होता वर्षांनी, लग्नानंतर, मूल का राहत नाही याच्या तपासण्यांत कळतं की नळ्या बंद झाल्या आहेत. गर्भ नळीतच राहण्याचा, जिवावर बेतणारा प्रकारही यातून होतो. तेव्हा तू कुठे असशील, ती कुठे असेल, कुणी सांगावं. आज एका किटने जे टळतं ते तिने पुढे का भोगावं?

अजून एक. गोळ्या हातात आल्या की एक विचार येतो, मुलांनी मला तो बोलून दाखवला आहे : "तिला व्हिटॅमिनच्या म्हणून देऊन टाकतो, भांडणच नको." हे करू नकोस. तिला एखाद्या औषधाची ॲलर्जी असू शकते, ती गरोदर असू शकते, तिच्या लक्षणांचं किट वेगळं असू शकतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी ते तिचं शरीर आहे. तिला न सांगता त्यात काही घालण्याचा हक्क तुला नाही. तिच्या संमतीशिवाय तिला धोक्यात घातलंस, आता निदान उपचार तरी तिच्या संमतीने होऊ दे.

फोनवर मेसेज टाकू नकोस. मेसेज राहतो, कुणीही वाचतं. प्रत्यक्ष भेट, आणि बोलणं लांबवू नकोस. "मला संसर्ग झालाय, उपचार चालू आहेत. मी दुसरीकडे गेलो होतो, चूक माझी आहे. तुलाही झालेला असू शकतो, त्रास नसला तरी. तू तपासून घे, मी येतो बरोबर, किंवा तुला एकटीने जायचं असेल तर तसं." एवढंच. लगेच माफी मागत, रडत बसू नकोस, नाही तर तीच तुझी समजूत काढत बसेल. ती चिडेल. कदाचित नातं तोडेल. तो तिचा निर्णय, त्यावर वाद घालू नकोस. तोंडच उघडत नसेल तर समुपदेशकाला सांग. दोघांना एकत्र बसवून किंवा वेगवेगळं बोलणं हे त्याचं रोजचं काम आहे.

तिच्यासाठी थोडं. हे उत्तर तिला दाखव.

बाळ, तू १९ वर्षांची आहेस, सज्ञान आहेस. तुझ्या तपासणीला घरच्या कुणाची परवानगी लागत नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. पाळीपासून संबंधांपर्यंत तिथे काहीही विचारता येतं. सांगली-मिरजेच्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभागात गेलीस तरी चालेल. कुणीतरी "लग्न झालंय का?" असं विचारेल. हा प्रश्न अजूनही विचारतात आणि त्याने मुलींचं पाणी पाणी होतं. तू म्हण, "नाही. जोडीदाराला संसर्ग आहे, म्हणून तपासणीला आलेय." एवढ्या एका वाक्याने पुढचे दहा प्रश्न टळतात. तपासताना खोलीत बाई कर्मचारी असायला हवी, नसेल तर बोलवायला सांग. आतली तपासणी तुझ्या होकाराशिवाय करायची नसते.

पाळी चुकली असेल तर आधी लघवीची तपासणी कर. मेडिकलमध्ये किट मिळतं, सरकारी केंद्रात फुकटही मिळतं. दिवस राहिले असतील तरी घाबरून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नकोस, त्यात जीव जाण्याइतका रक्तस्राव होऊ शकतो. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीत 'पती' ऐवजी 'जोडीदार' हा शब्द आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लग्न झालं नाही म्हणून बाईला यातून वगळता येणार नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत आणि तुझी स्वतःची संमती पुरते. तुझी ओळख उघड करणाऱ्याला याच कायद्यात शिक्षा आहे. आणि ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, घाण वासाचा स्राव असेल तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

परत तुझ्याकडे येते. "त्या बाईमुळे" असं तू लिहिलंस. ते मला टोचलं. ती तुझ्या दाराशी आली नव्हती, तू गेला होतास, आणि निरोध नको हे दोघांत कुणी ठरवलं असेल याचा मला अंदाज आहे. तुझ्याच सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे धंदा करणाऱ्या बायकांचीच संघटना, एचआयव्हीविरुद्ध काम करत आली आहे. या बायकांनी स्वतः घरोघर निरोध वाटले, निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही असं एकमेकींना शिकवलं. ज्या काळात सांगली जिल्ह्यात या आजाराचं नाव घ्यायला शिकलीसवरलेली माणसं कचरत होती, त्या काळात हे त्यांनी केलं. संसर्ग तिला कुणाकडून तरीच आला असणार, तुझ्यासारख्याच एखाद्याकडून. तिला शिव्या देऊन तुझी आग थांबायची नाही.

झोप येत नाही, आयुष्य वाया गेलं वाटतं, हे मात्र मी हलकं घेत नाही. रात्री जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येत असतील तर १४४१६ ला फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, मराठीत बोलतात, कधीही करता येतो. आणि दवाखान्यात जायच्या आधी नुसतं विचारायचं असेल, नाव न सांगता, तर १०९७ ही एड्स नियंत्रणाची हेल्पलाइन आहे. तीही मोफत आहे आणि जवळचं केंद्र कुठे आहे तेही सांगतात. उद्या दवाखान्यात जायचं धैर्य होत नसेल तर आज रात्री फोन तरी कर.

हे वाचणाऱ्यांत कुणी अठराच्या आतले असतील. तुमच्यासाठी कायदा वेगळा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्या व्यक्तीशी कुठलाही लैंगिक संबंध हा गुन्हा धरला जातो, संमती होती की नव्हती हे तिथे बघत नाहीत, आणि डॉक्टरला कळलं तर त्याला पोलिसांना कळवावं लागतं. एचआयव्ही तपासणीलाही पालकाची संमती लागते. हे माहीत असावं म्हणून सांगते, घाबरवण्यासाठी नाही. गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीबद्दल त्याच २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं आहे की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरला पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. कायद्याच्या भीतीने आजार अंगावर काढू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला, आत्या असो, मामी असो, बरोबर घ्या. आणि कुणी जबरदस्ती केली असेल तर त्यात तुमची लपवण्यासारखी काही चूकच नाही.

तुझ्यासाठी शेवटचं. जाताना सकाळी लवकर निघ. केसपेपर दुपारपर्यंतच निघतात आणि चाचणी केंद्रही दुपारनंतर आवरतं. निघण्याआधी जमल्यास दोन तास लघवी करू नकोस, स्राव तपासायला तो उपयोगी पडतो. परत येताना बाहेरच्या पेटीतून निरोधाची पाकिटं घे, ती तिथे घेण्यासाठीच ठेवलेली असतात. आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेव. मैत्रिणीला आठवण करून द्यायची असेल तर तीही टाक, पण ती तुझ्याबरोबर येईल की एकटी जाईल, हे तिच्यावर सोड.